धुकं कापणारे दिवे

दोष माझ्या बापाचा आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मिस्त्री ही गोष्ट सांगतो तेव्हा "एक दुकानदार होता" असं म्हणतो. त्या दुकानदाराला नाव नाही, पत्ता नाही, चेहरा नाही. मोठी माणसं एकमेकांना अशीच झाकतात आणि वर आपल्याला शिकवतात की खरं बोलावं. तो दुकानदार म्हणजे माझा बाप. जुन्या-नव्या स्पेअरचं दुकान आणि मागे भंगाराचं आवार. गोष्टीतला 'दुकानदाराचा धाकटा भाऊ' म्हणजे माझा काका. मिस्त्री धाकटा म्हणाला, मी काका लिहितो.

मिस्त्री ट्रकच्या वायरिंगचं काम करतो. ट्रान्सपोर्टच्या मैदानाला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. त्या रात्री पावणेअकराला मैदानातली वीज गेली आणि हातातलं काम हातातच राहिलं. शेडमध्ये चौघे होतो. मिस्त्री, शेजारचा पंक्चरवाला, मी आणि लायसन मिळून सहा महिने झालेला एक नवा ड्रायव्हर. त्याला बंपरवर जादा दिवे बसवून घ्यायचे होते.

"मिस्त्री, पांढऱ्या घेऊ की पिवळ्या?" त्याने अंधारातच विचारलं. "पांढऱ्या लांब जातात म्हणे. अर्धा मैल."

"रस्ता कुठला तुझा?"

"धरणाखालचा."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"मग बस. आधी ऐक, मग ठरव. हे ऐकीव नाही. माझ्या ओळखीच्या माणसाबाबतीत घडलेलं आहे."

"झालं! आता भूत निघणार," पंक्चरवाला म्हणाला. "मिस्त्री, भूत समोरून आलं तर डिपर कोणी द्यायचा? त्याने की आपण?"

"ज्याला घाई नाही त्याने," मिस्त्री म्हणाला.

नवा ड्रायव्हर हसला. मिस्त्रीने एकदा माझ्या दिशेला मान वळवली. तू घरी जा, असं म्हणाला नाही. मीही उठलो नाही.

मग त्याने सांगितलं ते असं.

काका आणि त्याचा एक दोस्त, दोघांचे दोन ट्रक. रात्री नऊला साबणाची खोकी भरायची, पहाटे पाचला दुसऱ्या टोकाच्या गोदामात उतरवायची. नऊ वर्षं पुढेमागे एकाच रस्त्याने. दोस्ताची मान लहानपणापासून डाव्या खांद्याकडे कललेली, म्हणून सगळे त्याला तिरका म्हणायचे. चिडायचा नाही. "जग वाकडं आहे, मीच सरळ बघतो," म्हणायचा. पुढचा मागच्याला खिडकीतून हात काढून सांगायचा, पुढे काय आहे ते. आणि पंजा पालथा करून हवेत दाबला, पीठ थापटावं तसा, की त्याचा अर्थ एकच : लाईट खाली घे, डोळ्यांवर येतेय. ही खूण सगळ्याच ड्रायव्हरांची. ह्याच्यात नवीन काही नाही.

मागच्या हिवाळ्यात तिरका गेला. धरणाच्या भिंतीखाली सदतीस नंबरच्या मैलाच्या दगडाजवळ रस्ता डावीकडे वळतो. तिरका वळलाच नाही. सरळ सांडव्याच्या नाल्यात. त्या रात्री दाट धुकं होतं आणि त्याच्या केबिनच्या टपावर दोन पांढरे, लांब पल्ल्याचे दिवे होते. तेही आमच्याच दुकानातले. त्याने पिवळे मागितले होते. बापाने पांढरे गळ्यात मारले, कारण पांढरे पडून होते.

"झोप लागली त्याला," असं सगळे म्हणाले. म्हणजे आधी माझा बाप म्हणाला, मग सगळे.

तेव्हापासून काकूने धोशा लावला होता. "पिवळे दिवे बसवा, नाहीतर रात्रीची फेरी सोडा. मला तिरक्या भाऊजींच्या बायकोसारखं दारात बसून राहायचं नाही." फेरी सोडून काय करणार? काकाला दुसरं काही येत नव्हतं. त्याला ट्रकच आवडायचा. म्हणून एका सोमवारी सकाळी तो आमच्या दुकानात आला. काम साधंच होतं. दोन दिवे घ्यायचे आणि मिस्त्रीकडे जाऊन बसवून घ्यायचे.

"दादा, दोन फॉगलाईट दे. पिवळ्या, रुंद पडणाऱ्या."

"पिवळ्या कोण लावतं आता? आजोबांच्या जमान्यातलं सगळं तुला पाहिजे. बस, चहा घे."

"जमान्याचं राहू दे. मला डांबराची कड दिसली पाहिजे. पुढचे वीस फूट दिसले तरी भागलं."

"वीस फूट!" बाप हसला. "ट्रक चालवतोस की हातगाडी?"

"धुक्यात पांढरी लाईट म्हणजे तोंडासमोर कुणी चादर धरल्यासारखं होतं. तिरक्याचं काय झालं, बघितलंस ना तू."

बापाने काउंटरवरचा पेन उचलून दुसरीकडे ठेवला. मग परत पहिल्या जागी ठेवला.

"तिरक्याला झोप लागली होती."

"तिरका झोपणाऱ्यांतला नव्हता, दादा."

"बरं, नव्हता. पण ही साधी पांढरी नाही. नवीन काच निघालीय, धुकं कापते. चाकूने लोणी कापावं तशी. मुद्दाम तुझ्यासाठी मागवून ठेवल्यात. बिल पण फाडणार नाही. आता सख्ख्या भावावर विश्वास नसेल तर सांग, पिवळ्या काढतो."

हा बापाचा हातखंडा. वस्तू विकायची नाही, नातं पुढे करायचं. मग समोरचा वस्तू बघत नाही.

काका ओशाळला. "विश्वासाचं काय त्यात... दे."

बापाने मला हाक मारली. आतली दोन खोकी आण म्हणाला.

इथपर्यंत मिस्त्रीला ऐकून माहीत होतं. आदल्या रात्रीचं त्याला माहीत नव्हतं. आदल्या रात्री बाप दुकानाच्या मागे रॉकेलचा बोळा घेऊन दोन दिवे घासत बसला होता. ब्रॅकेटच्या भोकांतला सुकलेला चिखल काडेपेटीच्या काडीने कोरून काढत होता. मला म्हणाला, "नव्या मालाची दोन रिकामी खोकी बघ." तिरक्याच्या ट्रकची केबिन अकरा महिने आमच्या आवारात आडवी पडून होती. त्या संध्याकाळी मी तिच्या टपाकडे पाहिलं, तर दोन नुसते बोल्ट उरले होते.

दुकानात पिवळे दिवे होते. सहा होते, फळीवर, समोर. पण पिवळे कुणीही घेऊन जातं. मेलेल्याचे दिवे मैदानातल्या कुणी घेतले नसते, सगळे ओळखतात. न विचारता घेणारा एकच माणूस होता. भाऊ.

मी खोकी काढून दिली. विचारलं नाही. आमच्या घरात मोठ्यांना विचारत नाहीत.

काका खोकी घेऊन मिस्त्रीकडे गेला. काकासमोर मिस्त्रीने खोकं फोडलं, दिवा बाहेर काढला, मागची वायर हातात घेतली आणि थांबला.

मिस्त्रीची एक सवय आहे. वायरचा जोड कथलाचा डाग देऊन पक्का केला, की टेप लावण्याआधी त्यावर सुती दोरा गुंडाळतो. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, दोरा सुटत नाही. एवढी कटकट दुसरं कुणी करत नाही. सगळे हसतात त्याला, 'मिस्त्री, स्वेटरच विणा की' म्हणून. कोऱ्या खोक्यातून निघालेल्या कोऱ्या दिव्याच्या वायरवर, वरच्या प्लास्टिकच्या नळीच्या आत, सुटलेल्या टेपखाली, पांढऱ्या दोऱ्याचे सात वेढे होते. बापाने काच घासली, ब्रॅकेट घासलं. नळी सरकवून बघायचं त्याला सुचलं नाही.

"मी ओळखलं," मिस्त्री अंधारात म्हणाला. "माझाच हात होता. तिरक्याच्या टपावर मीच बसवल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?" नव्या ड्रायव्हरने विचारलं.

"दुकानदाराशी वीस वर्षांचा संबंध. त्यांच्या घरातली गोष्ट. म्हटलं आपण मध्ये कशाला पडा."

आपण मध्ये कशाला पडा. ह्या एका वाक्यावर ह्या लोकांची अख्खी आयुष्यं निघतात. मिस्त्रीने जुन्या दोऱ्यावर नवी टेप चढवली आणि दिवे बंपरवर कसले.

अंधार पडल्यावर दिव्यांचा नेम बसवायला घेतला. ह्याची रीत ठरलेली आहे. ट्रक सपाट जागेवर, गोदामाच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभा करायचा. दिव्याच्या उंचीची खडूने आडवी रेघ भिंतीवर मारायची. उजेडाचा गोल त्या रेघेच्या चार बोटं खाली आला पाहिजे. काका भिंतीपाशी उभा, मिस्त्री बंपरपाशी.

डावा गोल नीट पडला. उजव्या गोलात मधोमध एक काळी उभी पट्टी होती.

मिस्त्रीने काच पुसली. पट्टी तशीच. काकाने भिंतीवर हात फिरवला. हाताच्या पाठीवर पट्टी पडली, म्हणजे भिंतीला काही लागलेलं नव्हतं. दिव्याच्या आणि भिंतीच्या मध्ये काहीच नव्हतं. मोकळी जमीन. पट्टीला खांदे होते. वरचं टोक एका बाजूला कललेलं होतं.

मग ती गेली.

"किडा असेल काचेवर," काका म्हणाला.

"असेल," मिस्त्री म्हणाला.

पहिल्या फेरीला धुकं नव्हतं. काका सदतीसच्या दगडाजवळ आला. उजेड जिथे संपतो तिथे, डाव्या कडेला, कुणीतरी उभं. पालथा पंजा हवेत दाबत. काकाला वाटलं कुणाची गाडी बंद पडली असेल, डोळ्यांवर उजेड येत असेल. त्याने लाईट खाली घेतली, गाडी हळू केली. दगडापाशी पोचला तर कुणी नाही. बंद पडलेली गाडीही नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे आला. "समोरच्याला लागते वाटतं. स्क्रूचे दोन आटे फिरवून खाली घे." मिस्त्रीने घेतले.

दुसऱ्या फेरीला तो परत होता. ह्या वेळी उजेडाच्या टोकाला नव्हता. निम्म्यात आला होता. काकाने परत दोन आटे उतरवून घेतले. पण निघताना केबिनच्या पायरीवर पाय ठेवून थांबला.

"मिस्त्री, एक सांग. उजेड माझा. माणूस माझ्यासमोर. मग त्याची सावली कुठे पडायला पाहिजे?"

"त्याच्या पलीकडे."

"हां... ती माझ्याकडे पडते. लांबत लांबत बंपरपर्यंत येते." "आणि मान..."

"काय मान?"

"काही नाही."

पंक्चरवाल्याने विडी पेटवायला काडी ओढली होती. ती त्याच्या बोटांपर्यंत जळत आली तरी त्याने विडीला लावली नाही.

"तेव्हाही सांगता आलं असतं," नवा ड्रायव्हर म्हणाला.

"आलं असतं," मिस्त्री म्हणाला.

काका ड्रायव्हर माणूस. पालथा पंजा म्हणजे लाईट खाली घे, ह्यापलीकडे दुसरा अर्थ त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. नऊ वर्षं तोच अर्थ होता. म्हणून तो दर फेरीला दिवे खाली घेत राहिला. दोन आटे, आणखी दोन आटे. काढून मात्र टाकले नाहीत. दादाने दिले होते.

डिसेंबरची दहा तारीख. तो बुधवार संपून गुरुवार लागलेला. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. काका धरणाच्या अलीकडच्या पुलावर पोचला आणि तिथेच थांबला, कारण पुढे रस्ता नव्हता. म्हणजे होता, दिसत नव्हता. पाण्यावरून धुकं चढून आलं होतं आणि भिंतीखाली साचून राहिलं होतं. मागेपुढे गाडी नाही. त्याने इंजिन चालू ठेवलं, काच वर केली आणि भावाला फोन लावला.

मिस्त्री थांबला.

"काय बोलणं झालं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "सगळं सांगितलं त्याने मला, हॉस्पिटलात. तेवढं सांगितलं नाही."

बाहेर मैदानात कुठल्या तरी ट्रकची ताडपत्री फडफडली.

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

तिघेही माझ्याकडे वळले असतील. अंधारात दिसत नव्हतं, ते बरं होतं.

बाप आणि मी एकाच खोलीत झोपतो. फोन वाजला तेव्हा दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. बाप फोन कानाला लावत नाही, स्पीकरवर टाकून छातीवर ठेवतो. मागे इंजिन ऐकू येत होतं.

"दादा, झोपला होतास?"

"मग काय नाचत होतो? काय झालं? गाडी बंद पडली का?"

"नाही. धरणाच्या अलीकडे थांबलोय. फार धुकं आहे... दादा, एक विचारू? रागावू नको."

"बोल."

"ह्या लाईट आधी कुणाच्या होत्या का रे?"

बाप उठून बसला. मीही जागाच होतो, उठून बसलो होतो. बापाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघतच बोलला.

"खुळा झालास का? नव्या खोक्यातून दिल्या ना तुला?"

"आईची शपथ घे."

त्यांची आई, माझी आजी, तीन वर्षांपूर्वी गेली. काकाच्या मांडीवर गेली.

"मेलेल्या आईची शपथ," बाप म्हणाला. "कोऱ्या आहेत."

थोडा वेळ नुसतं इंजिन.

"बरं... मग आता काय करू? ह्या बंद करतो आणि हेडलाईट खाली घेऊन, कड धरून हळूहळू जातो. चालेल?"

अजूनही वेळ होता. बंद कर, एवढंच म्हणायचं होतं. बापाला कळत होतं, वीस वर्षं तो हेच विकतोय. पण बंद कर म्हटलं असतं, तर धुकं कापणारी काच खोटी ठरली असती. एक धागा निघाला की सगळंच उसवलं असतं.

"बंद कशाला? धुक्यासाठीच तर दिल्यात. दोन्ही चालू ठेव आणि नीघ. घाबरतोस काय लहान पोरासारखा!"

"बरं दादा. तू म्हणतोस तर."

फोन बंद झाला. बाप मला म्हणाला, "झोप."

मी झोपलो.

शेडमध्ये मिस्त्रीने घसा साफ केला आणि पुढचं सांगितलं. काकाने त्याला सांगितलं होतं तसं.

काकाने दोन्ही दिवे लावले.

समोर भिंत उभी राहिली. पांढरी. केबिनच्या काचेला चिकटलेली. त्याला स्वतःचं बंपर दिसेना. त्याने पहिला गिअर टाकला. मग दुसरा. डांबराची कड शोधत होता. कड नव्हती. वर नाही, खाली नाही. नुसतं पांढरं.

आणि पांढऱ्यात तो.

आता टोकाला नाही. निम्म्यातही नाही. समोर. दहा फुटांवर. मान डाव्या खांद्यावर. दोन्ही पंजे पालथे. दाबतोय... दाबतोय...

काकाने ओळखलं. ओळखलं होतं आधीच, आता नाकारता आलं नाही.

"तिरक्या...?"

तो मागे सरकत नव्हता. ट्रक पुढे जात होता, आणि तो तेवढाच लांब. पाय हलत नव्हते. त्याची सावली बंपरवरून वर आली. बॉनेटवर. काचेवर. केबिनच्या आत आली. स्टिअरिंगवरच्या हातांवर पडली. हात गार पडले.

काकाचा हात स्विचकडे गेला.

बोट स्विचवर होतं. ते त्याने मिस्त्रीला पुन्हा पुन्हा सांगितलं. बोट स्विचवर होतं, मिस्त्री. नुसतं दाबायचं होतं.

एक सांगत होता, विझव. एक म्हणाला होता, चालू ठेव. एक मेलेला. एक सख्खा भाऊ, आईची शपथ घेतलेला.

काकाने बोट काढून घेतलं.

तिरक्याने हात खाली सोडले. मान हलवली. एकदाच... आणि बाजूला झाला. रस्त्यातून माणूस बाजूला होतो, तसा.

त्याच्या मागे ट्रॅक्टरची ट्रॉली होती. बंद पडलेली. मागचा दिवा नसलेली. रस्त्याच्या मधोमध.

काच आत आली.

...

"बराच वेळ हॉर्न वाजत होता म्हणे," मिस्त्री म्हणाला. "ट्रॉलीवाला वाचला. तो खाली उतरून कडेला बसला होता. तो एक गोष्ट सांगतो. म्हणतो, ट्रक यायच्या आधी कुणीतरी मला दंडाला धरून उठवलं आणि रस्त्याच्या खाली नेलं. अंधारात तोंड दिसलं नाही. आभार मानायला वळलो तर कुणी नाही."

"मिस्त्री..." नवा ड्रायव्हर म्हणाला.

मिस्त्री हॉस्पिटलात गेला तेव्हा काकाच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. काकू बाहेर बाकावर बसली होती. बाप आदल्या दिवशी येऊन गेला होता. पाच मिनिटं थांबला आणि "नशिबाचे भोग" म्हणून निघून गेला. नशिबाला दुकान नसतं, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं. मिस्त्रीला तेव्हा कंठ फुटला. सगळं होऊन गेल्यावर. दोऱ्याचे सात वेढे, तिरक्याचा टप, सगळं त्याने पलंगापाशी बसून सांगितलं.

काका ऐकत राहिला. रडला नाही. ओरडला नाही.

"पण मिस्त्री," बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्याने आईची शपथ घेतली होती."

मग पुन्हा म्हणाला, "आमच्या आईची."

नंतर त्याने भिंतीकडे कूस वळवली. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने माझ्या बापाचं नाव घेतलेलं नाही. बाप म्हणतो, येईल हळूहळू ताळ्यावर. मीही दोनदा गेलो. दोन्ही वेळा काकूने दार उघडलं आणि आत घेतलं नाही. खोकी कुणी काढून दिली हे तिला कुणी सांगितलंय का, मला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

"आणि त्या लाईट?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"चुरा झाला त्यांचा," मिस्त्री म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दुकानातलं तू सांग. ते मी नुसतं ऐकलंय, बघितलेलं नाही."

दुकानाचं शटर रोज सकाळी मी उघडतो. अकरा डिसेंबरला, बातमी यायच्या आधी, साडेसातला उघडलं. फळीवर विकायचे दिवे ओळीने मांडलेले असतात, काच गिऱ्हाइकाकडे. त्या सकाळी सगळे पांढरे दिवे भिंतीकडे काच करून होते. चौदाच्या चौदा. धूळ तशीच. फळीवर ओढल्याची खूण नाही. पिवळे जागच्या जागी. मी ते सरळ केले. दुसऱ्या सकाळी परत तसेच. बापाने मला दोन मुस्कटात मारल्या, म्हणाला तूच करतोस. मग त्याने शटरला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपला. सकाळी स्वतः उघडलं. फळीसमोर बराच वेळ उभा राहिला. मला काही म्हणाला नाही. आता तो ते सरळ करत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणतो, काचेवर धूळ बसू नये म्हणून.

वीज तेव्हा आली. ट्यूब दोनदा फडफडून लागली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. नव्या ड्रायव्हरने दिवे न घेताच गाडी सुरू केली. उजाडेपर्यंत मैदानातच थांबतो म्हणाला.

काकाचे दोन्ही डोळे गेले. तो एक्केचाळीस वर्षांचा आहे.